आंबा हंगाम: पेटी गाडीत चढण्याआधी पैसे खात्यात बघा

हापूस थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या बागायतदारांची मार्च ते मे या तीन महिन्यांतली बरीचशी उलाढाल आता मोबाइलवरून होते. भामट्यांनाही हे ठाऊक आहे. घाईचे, दमणुकीचे हेच दिवस ते धरतात.

कोकणात सर्वात मोठी अडचण रेंजची. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर, मोबाइल चालतो, खाली बागेत चालत नाही. गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं, पैसे पाठवल्याची हिरवी खूण दाखवतं आणि आपल्याला तपासता येत नसल्यामुळे आपण पेट्या देऊन टाकतो. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी बनावट ॲप मिळतात; नाव आणि रक्कम टाकली की पावती तयार. 'जमा' झाल्याचा एसएमएसही खोटा असू शकतो. बँकेचा संदेश इंग्रजी अक्षरांतल्या तिच्या लघुनावाने येतो, साध्या दहा आकडी नंबरवरून नाही. त्यामुळे शिल्लक स्वतःच्या खात्यातच बघावी. इंटरनेट नसेल पण कॉल लागत असेल, तर बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# लावून आणि यूपीआय पिन टाकून शिल्लक कळते. हंगामाआधी घरी एकदा हे करून बघा. कॉलही लागत नसेल तर देवघेव बागेत नकोच. पेट्या रेंज असलेल्या रस्त्यापर्यंत आपल्याच गाडीने न्या.

दुसरा प्रकार फोनवरच्या ऑर्डरीचा. "लष्करात आहे, कॅम्पसाठी ४० पेट्या हव्यात" असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवतात, मग क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील" म्हणतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. आधी एक रुपया पाठवायला लावून दोन परत देणारा विश्वास कमावत असतो, पुढची रक्कम मोठी असते. खरं गिऱ्हाईक भाव करतं, पेटी चार डझनी की पाच डझनी, फळ किती दिवसांत पिकेल हे विचारतं. यातलं काहीच न विचारता मोठी ऑर्डर देणाऱ्याकडून निम्मी रक्कम आधी खात्यात आल्याशिवाय काढणी करू नका. "चुकून २०,००० जास्त आले, परत करा" असा फोन आला तरी आधी शिल्लक बघा. खरंच आले असतील तर पाठवणाऱ्याने त्याच्या बँकेत तक्रार करावी. तुम्ही नव्या नंबरवर काही पाठवू नका.

व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' किंवा सौर पंपाच्या नावाने येणारी एपीके फाइल (म्हणजे उघडली की मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) सर्वात घातक, कारण ती एसएमएस वाचण्याची परवानगी घेते आणि तुमचे ओटीपी भामट्याकडे जातात. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात, त्यासाठी कोणी फाइल पाठवत नाही. ई-केवायसी (ओळख पडताळणी) अधिकृत संकेतस्थळावर, प्ले स्टोअरवरच्या अधिकृत ॲपवर किंवा सामायिक सुविधा केंद्रातच (सीएससी) करा. फाइल उघडली गेलीच तर लगेच मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करून सिम काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला खातं गोठवायला सांगा, त्याच फोनने भामट्याच्या संदेशांचे फोटो काढून ठेवा आणि मगच मोबाइल फॅक्टरी रीसेट करा (त्यात मोबाइलमधलं सगळं पुसलं जातं). सिम परत घातल्यावर ##००२# लावा, म्हणजे कॉल दुसरीकडे वळवले असतील तर ते थांबतील.

विक्रीसाठी वेगळं खातं ठेवावं हे आमचं आग्रहाचं सांगणं आहे. घरखर्च, कर्ज आणि ठेवी यांच्या खात्याला यूपीआय जोडू नका. रोज संध्याकाळी विक्रीची रक्कम तिकडे वळवा, म्हणजे गेलंच तर एका दिवसाचं जाईल.

पैसे गेल्यावर लाजेपोटी गप्प बसणारे फार आहेत, आणि नेमका तोच वेळ महत्त्वाचा असतो. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम वाटेत अडवता येते. आपल्या हातून पिन किंवा ओटीपी गेला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. फोन करताना व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा. तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि भामट्याबरोबरचं व्हॉट्सॲप संभाषण पुसू नका, पोलीस ठाण्यात तेच दाखवावं लागतं.