मॉनिटर नसलेल्या पीसीवर ग्राफ, फोटो, थ्रीडी चालत नाहीये? आधी तो मागतोय काय ते बघा

आमच्याकडे सिडकोतल्या घरी जिन्याखाली एक जुना डेस्कटॉप पडून होता, मॉनिटर पुतण्या घेऊन गेला, मग मी त्यावर उबंटू सर्व्हर टाकलं आणि दोन कामं लावली. रोज लासलगावच्या कांद्याच्या भावाचा ग्राफ काढायचा, आणि निफाडला मामांची द्राक्षबाग आहे तिथल्या पानांचे फोटो ओपनसीव्हीने (पायथनमधली चित्रं तपासायची लायब्ररी) तपासायचे. लॅपटॉपवर दोन्ही मस्त चालत होतं, डब्यावर टाकलं तर दोन्ही आडवं. दोन दिवस मी नुसतं दिसेल ते पॅकेज इन्स्टॉल करत बसलो, तसं करू नका.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सगळे कॅपिटलमध्ये.)

एररमध्ये डिस्प्ले, जीएल, प्लगइन असलं काहीतरी दिसलं की आपण सगळ्याला एकच रोग समजतो. पण तक्रारी तीन वेगळ्या असतात: लायब्ररीची फाइलच नाही, फाइल आहे पण खिडकी उघडायला स्क्रीन नाही, किंवा थ्रीडी काढायला जीएल (म्हणजे ओपनजीएल, थ्रीडी चित्र काढायची यंत्रणा) मिळत नाहीये. औषध तिघांचं वेगळं, म्हणून एररची शेवटची ओळ नीट वाचा.

पहिली तक्रार माझ्या ओपनसीव्हीची. 'लिबजीएल डॉट एसओ डॉट १ उघडता येत नाही' असं आलं की स्क्रीनचा काही संबंध नाही, खिडकी उघडायचा भाग पॅकेजसोबत येतो आणि त्याला ती फाइल लागते, तुम्ही एकही खिडकी उघडत नसलात तरी. दोन रस्ते आहेत. एक, एपीटीने, म्हणजे उबंटूच्या पॅकेज इन्स्टॉलरने, लिबजीएल१ टाका (जुन्या लेखांत लिबजीएल१-मेसा-जीएलएक्स लिहिलेलं असतं, ते उबंटू २४.०४ वर मिळतच नाही, उगाच शोधू नका). दुसरा रस्ता, आणि मी तोच घेतला, पिपमधून, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरमधून, ओपनसीव्ही-पायथन काढून ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस टाकायचं. पण आधी जुनं खरंच काढा हं, दोन्ही पॅकेज सीव्ही२ याच फोल्डरात घुसतात, दोन्ही ठेवली तर आज चालेल उद्या नाही असा खेळ होतो. हेडलेसमध्ये आयएमशो चालत नाही, आयएमराइटने फाइल सेव्ह करायची. तसंही जिन्याखाली बघणार कोण?

दुसरी तक्रार, स्क्रीन नाही. माझा ग्राफ काढणारी पायथनची लायब्ररी, मॅटप्लॉटलिब, आता बरीच शहाणी झालीय, डिस्प्ले नसेल तर आपोआप एजीजी बॅकएंड घेतं, हा बॅकएंड चित्र मेमरीत काढतो आणि त्याला स्क्रीन लागतच नाही. तरी एरर आली तर कोडमध्ये कुठेतरी टीकेएजीजी (खिडकी उघडणारा बॅकएंड) लिहिलेलं सापडेल, कुठून तरी कॉपी केलेल्या ओळीत. ती ओळ उडवा, किंवा एमपीएलबॅकएंड हा व्हेरिएबल एजीजी करा, आणि शोच्या जागी सेव्हफिग. लूपमध्ये ग्राफ काढत असाल तर प्रत्येक फिगर क्लोज करा, वीसच्या वर उघड्या राहिल्या की ते स्वतःच वॉर्निंग देतं.

क्यूटीवाले प्रोग्राम (क्यूटी म्हणजे खिडक्या-बटणं काढायची लायब्ररी) मात्र छळतात. 'एक्ससीबी प्लगइन सापडलं पण लोड झालं नाही' ही ओळ (एक्ससीबी म्हणजे क्यूटीला स्क्रीनशी जोडणारा भाग) वाचून डोकं फिरतं, सापडलं तर लोड कर ना बाबा! आधी क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्म ला ऑफस्क्रीन देऊन बघा, बऱ्याचदा तिथेच संपतं. नाही संपलं तर क्यूटी_डीबग_प्लगइन्स ला १ द्या आणि परत चालवा, नेमकी कुठली फाइल कमी आहे ते सांगतं. किंवा लिबक्यूएक्ससीबी फाइलवर एलडीडी (फाइलला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवून 'नॉट फाउंड' असलेल्या ओळी बघा. क्यूटी ६.५ पासून लिबएक्ससीबी-कर्सर०सुद्धा लागतं, खूप जण इथे अडकतात. आणि एररमधल्या पाथमध्ये सीव्ही२ दिसलं तर दोष क्यूटीचा नाही, ओपनसीव्ही स्वतःची क्यूटी घेऊन आलंय, मग परत हेडलेस पॅकेज.

प्रोग्रामला खरीच खिडकी हवी असेल तरच खोटी स्क्रीन द्या. एक्सव्हीएफबी टाका आणि एक्सव्हीएफबी-रन मायनस ए लावून प्रोग्राम चालवा. मायनस ए म्हणजे रिकामा डिस्प्ले नंबर तोच शोधतो. मायनस एसमध्ये अवतरणात 'मायनस स्क्रीन ० १२८०x१०२४x२४' असा आकार सांगून टाका, शेवटचे २४ म्हणजे रंगांची खोली. उठसूट सगळ्यालाच ही खोटी स्क्रीन लावणं मला पटत नाही, खरी चूक झाकली जाते.

तिसरी, जीएल. ग्राफिक्स कार्ड नसलं तरी मेसाचं (लिनक्सवरचे ओपनजीएल ड्रायव्हर) एलएलव्हीएमपाइप सीपीयूवर चित्र काढतं, हळू पण काढतं. खोट्या स्क्रीनखाली जीएलएक्सइन्फो मायनस बी चालवा, रेंडररच्या ओळीत कोण काम करतंय ते दिसेल. पायओपनजीएल असेल तर पायओपनजीएल_प्लॅटफॉर्म ला ईजीएल द्या, मग एक्स सर्व्हरच (लिनक्सवर खिडक्या स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम) लागत नाही. कार्ड असून परमिशन एरर आली तर आपला युजर रेंडर ग्रुपमध्ये टाका आणि लॉगआउट करून परत या, हे विसरून मी तासभर घालवलाय.

आता सगळ्यात चकवणारा प्रकार. हाताने चालवलं की चालतं, रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम) पडतं. तुम्ही लॅपटॉपवरून एसएसएच मायनस एक्सने (दूरच्या पीसीच्या खिडक्या लॅपटॉपवर दाखवणारं लॉगिन) आला असाल तर डिस्प्ले व्हेरिएबलमध्ये लोकलहोस्ट:१०.० असं काहीतरी असतं, म्हणजे प्रोग्राम तुमच्या लॅपटॉपचीच स्क्रीन वापरत होता! क्रॉनला ती दिसत नाही. टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) सोडून लॅपटॉप मिटला तरी तेच होणार. म्हणून टेस्ट करताना आधी अनसेट डिस्प्ले करा, मग चालवा, जे काय पडायचं ते दिवसाउजेडी पडू दे.

एवढं करून ग्राफ आला तर 'कांदा'च्या जागी चौकोन. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नव्हता आणि मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या डेजाव्हू सान्समध्ये देवनागरी नाही. लोहित देवनागरी टाकला, कोडमध्ये त्याचं नाव दिलं, चौकोन गेले, पण माझ्याकडच्या व्हर्जनमध्ये 'नाशिक'ची वेलांटी श सोडून क च्या जवळ जाऊन बसते. सध्या लेबलं इंग्रजीत ठेवलीत, मामा म्हणाले भाव कळला म्हणजे झालं.