पार्व्हो: पिल्लू आणण्याआधी आणि आणल्यावर

पार्व्हो हा कुत्र्यांचा, विशेषतः पिल्लांचा, जीवघेणा विषाणूजन्य आजार. गोव्यात तो किती आहे, हे मोजत बसण्यापेक्षा तो आपल्या अंगणातही असेल असे धरूनच चालावे. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून विषाणू मातीत उतरतो आणि सावलीच्या, ओलसर जागी वर्षभरही टिकतो. चपलेच्या तळव्याला लागून तो घरात येतो, त्यामुळे उंबरठा न ओलांडलेले पिल्लूही आजारी पडते.

धोका जास्त 6 आठवडे ते 6 महिन्यांच्या पिल्लांना. पहिली लस 6 ते 8 आठवड्यांत, मग दर 3-4 आठवड्यांनी, आणि शेवटची 16 आठवडे पूर्ण झाल्यावर. दोन डोस झाले की पिल्लू रस्त्यावर सोडतात, ही नेहमीची चूक. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे लसीला काम करू देत नाहीत आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरतात. म्हणूनच शेवटचा डोस सर्वांत मोलाचा. वर्षाने बूस्टर. आपल्याकडे वाड्यावाड्यांवर मोफत टोचतात ती लस रेबीजची, पार्व्होची नव्हे. कार्डावर ‘डीएचपीपी’ची, म्हणजे पार्व्होसह इतर काही रोगांवरच्या एकत्रित लसीची, नोंद आहे का, ते बघा.

पिल्लू खाणे सोडते, मलूल होते, ओकते, मग दुर्गंधीयुक्त, बरेचदा रक्ताळलेले जुलाब. सकाळी दिसले तर संध्याकाळची वाट पाहू नका; पाणी सुकून पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावते. विष्ठेची झटपट चाचणी दवाखान्यातच होते. उपचार म्हणजे मुख्यतः सलाइन, उलटीचे औषध आणि जंतुसंसर्ग रोखणारी प्रतिजैविके. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या देऊ नका. ओकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात पेज ओतू नका, ती श्वासनलिकेत जाते.

सफाईत फिनाइल, डेटॉल, साबण यांवर विसंबू नका. हा विषाणू त्यांना दाद देत नाही. आधी घाण उचलून साबणाने फरशी घासा, कारण घाणीवर ब्लीच वाया जाते. मग 5 टक्क्यांचे क्लोरीन ब्लीच 100 मिली, पाणी 3 लिटर. फरशी 10 मिनिटे ओली राहू द्या, मगच धुवा. द्रावण रोज नवे करा. त्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. चिऱ्याच्या सच्छिद्र पायऱ्या आणि मातीचे अंगण मात्र पुरते निर्जंतुक होत नाही.

बरे झालेले पिल्लूही आणखी दोन आठवडे वेगळे ठेवा. जिथे पिल्लू पार्व्होने दगावले, त्या घरात वर्षभर तरी लस पूर्ण न झालेले दुसरे आणू नका.