टोच पडली की हात मागे घ्या: खुडूक कोंबडीखाली पिल्लं काढताना या चुका टाळा

एकवीस दिवस कोंबडी इमानाने बसते. अंड्याला बारीक टोच पडते, आतून चिवचिव ऐकू येते. दोन-तीन तासांत पिल्लू बाहेर आलं नाही की घरातलं कुणीतरी नखाने कवच सोलायला घेतं. हाताने पिल्लू मारण्याचा हाच सगळ्यात सरळ मार्ग आहे, आणि तरी दर हंगामात तेच होतं.

टोच पडल्यावर पिल्लू 12 ते 24 तास जवळपास गप्प असतं. ते अडकलेलं नसतं. कवचाखालच्या पापुद्र्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यातलं रक्त या वेळात पिल्लाच्या अंगात परत जातं आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. टोचेतून बघितलं तर पिल्लू चोच उघडझाप करताना दिसतं. त्याचा अर्थ हे काम अजून चालू आहे.

नेहमीचा प्रकार असा. सकाळी टोच दिसली, दुपारपर्यंत काही हललं नाही, म्हणून अंडं घरात आणून सोललं. पापुद्र्यातून लाल रक्त आलं, पिल्लाच्या बेंबीला बलकाची पिवळी पिशवी लोंबत होती. संध्याकाळी ते गेलं. त्याच पाटीतली, त्याच सकाळी टोचलेली बाकीची अंडी दुसऱ्या दिवशी पहाटे कोंबडीखाली आपोआप फुटली.

मग मदत कधीच करायची नाही का? करायची, पण टोच पडून पूर्ण 24 तास उलटले आणि भेग पुढे सरकली नाही तर. किंवा पापुद्रा कागदासारखा पिवळट-तपकिरी सुकून पिल्लाला चिकटला असेल तर. टोच निमुळत्या टोकाला पडली असेल तर त्या अंड्यावर जास्त लक्ष ठेवा, कारण हवेची पोकळी बोथट टोकाला असते.

हात साबणाने धुवा. कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून, पिळून, फक्त पापुद्रा ओला करा. चोचीच्या भोकात पाण्याचा थेंब गेला तर पिल्लू गुदमरतं. टोचेपासून सुरुवात करून बोथट टोकाकडचं कवच चिमट्याने कणाकणाने काढा. रक्ताचा ठिपका दिसला की तिथेच थांबा आणि अंडं परत कोंबडीखाली ठेवा. पाच-सहा तास तरी पुन्हा हात लावू नका. डोकं आणि मान मोकळी झाली की तुमचं काम संपलं. पाय पिल्लाने स्वतः झाडून काढायचे.

पापुद्रा का सुकतो, तेही बघा. बहुतेक वेळा माणसंच कोंबडीला दर तासाला उचलून खाली डोकावतात. तिच्या अंगाखालची ऊब आणि ओल दोन्ही जाते. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवू नका, कोंबडी उठवू नका. हवा कोरडी असेल तर पाटीखालची माती ओलसर ठेवा, अंड्यांवर पाणी शिंपडू नका.

दुसरी चूक बिनरक्ताची, पण तेवढीच महागात पडते: अंड्यांवर खूण न करणं. बसलेल्या कोंबडीच्या पाटीत दुसऱ्या कोंबड्या येऊन अंडी घालतात. मग एकाच पाटीत एकवीस दिवसांची आणि बारा दिवसांची अंडी होतात. पहिली पिल्लं चालायला लागली की कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि मागची जिवंत अंडी गार पडतात. सगळी अंडी एकाच संध्याकाळी ठेवा, प्रत्येकावर पेन्सिलने फुली मारा, बिनफुलीचं रोज काढून घ्या. दिवस मोजताना ठेवल्याचा दिवस शून्य धरा: सोमवारी संध्याकाळी ठेवलेली अंडी बरोबर तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी फुटतात.

दुकानातली पोल्ट्रीची अंडी ठेवू नका, तिथे कोंबडा नसतो. फ्रिजमधली नकोत, धुतलेली नकोत, आठवड्यापेक्षा जुनी नकोत. मे महिन्यात तर चार-पाच दिवसांच्या आतलीच घ्या. गावठी कोंबडीला 10-12 पुरेत, हावरेपणाने अठरा ठेवली तर कडेची गारठतात. कडकनाथ खात्रीने बसेल असं धरून चालू नका, त्याची अंडी गावठीखाली ठेवा. कोंबडी दिवसातून एकदा 15-20 मिनिटं चरायला उठते, तेवढ्याने काही बिघडत नाही.

टोचलेलं अंडं पाण्यात तरंगवून बघू नका, पिल्लू बुडून मरतं. लाल मुंग्याही टोचेतून आत शिरतात, म्हणून पाटी विटांवर ठेवून भोवती राखेची जाड रेघ ओढा.

कोंबडी ऐनवेळी उठून गेली तर खोक्यात 40 किंवा 60 वॅटचा जुना तारेचा बल्ब लावा. एलईडीने ऊब मिळत नाही. अंड्यांच्या उंचीवर तापमापी ठेवून 37.5 अंश सेल्सिअस राखा, शेजारी वाटीत ओला स्पंज.

निघालेल्या पिल्लाला लगेच दाणे कोंबू नका. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं. पहिलं पाणी उथळ झाकणात द्या आणि त्यात खडे टाका, म्हणजे चोच पोचेल पण अंग भिजणार नाही.