अमोनियाचा टँकर उलटला: पहिल्या बंबाने काय करावे

गोव्यातील मुरगाव बंदरात उतरलेला द्रवरूप अमोनिया टँकरने झुआरीनगरला जातो, तो भरवस्तीच्या रस्त्यावरून. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीजवळ असा एक टँकर पहाटे उलटला, तेव्हा आसपासच्या लोकांना झोपेतून उठवून हलवावे लागले. अशा वेळी पहिल्या बंबाचे काम गळती बंद करणे हे नाही. काय सांडले आहे ते ओळखायचे, माणसांना दूर ठेवायचे आणि मागून येणाऱ्या गाड्या कुठून याव्यात ते सांगायचे. पहिल्या पंधरा मिनिटांत एवढे नीट झाले तर पुढचे सगळे सोपे जाते. घाईने आत शिरलेला जवान मात्र बाकीच्यांसाठी आणखी एक जखमी होऊन बसतो.

वारा तुमच्या पाठीवर येईल अशा बाजूने आणि चढाच्या बाजूने या. गोव्याच्या किनारपट्टीवर दुपारचा वारा समुद्राकडून आत येतो आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातो. सकाळी उशिरा आणि तिन्हीसांजेनंतर तो फिरतो, त्यामुळे दहा वाजता सुरक्षित असलेली तुमची जागा बारा वाजता ढगाखाली येऊ शकते. बंबाच्या शिडीला कापडाची पट्टी बांधा, एका माणसाला फक्त तिच्यावर नजर ठेवायला सांगा आणि परत निघायचा दुसरा रस्ता आधीच मोकळा ठेवा. गाडी तोंड बाहेरच्या दिशेला करून उभी करा.

टँकरवरची आपत्कालीन माहितीची पाटी दुर्बिणीतून वाचा. यूएन क्रमांक, म्हणजे पदार्थाची आंतरराष्ट्रीय ओळख, १००५ असेल तर तो निर्जल अमोनिया. त्याचा हॅझकेम कोड, म्हणजे अग्निशमन दलाने काय करायचे ते सांगणारी खूण, २आरई. दोन म्हणजे पाण्याची फवारणी. आर म्हणजे रसायनरोधक पूर्ण पोशाख आणि बीए सेट (पाठीवर हवेची बाटली असलेले श्वसनयंत्र), शिवाय पदार्थ पातळ करता येतो. ई म्हणजे लोकांना हलवण्याचा विचार करा. क्लोरीनसाठी १०१७ आणि २एक्सई, तीव्र सल्फ्युरिक आम्लासाठी १८३० आणि २पी. ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचे धोके आणि उपाय लिहिलेला कागद, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये असते; ते आणायला बीए सेटशिवाय कोणी जायचे नाही. ड्रायव्हर सापडला तर त्याच्याइतकी माहिती कोणाकडेच नसते. माल किती, कोणता व्हॉल्व्ह कुठे, गळती कधीपासून, एवढे त्याला शांतपणे विचारा.

इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक या रसायन-अपघातांच्या मार्गदर्शक पुस्तकाप्रमाणे अमोनियाच्या टँकरची मोठी गळती असेल तर सर्व बाजूंनी १५० मीटर रिकामे करावे. वारा मंद असताना तो वाहतो त्या बाजूला दिवसा साधारण १ किलोमीटर आणि रात्री २ किलोमीटरपर्यंत लोकांना संरक्षण द्यावे. रात्रीचे अंतर दुप्पट, कारण थंड, स्थिर हवेत गॅस वर न जाता जमिनीलगत सरकत राहतो. अमोनिया हवेपेक्षा हलका असतो हे शाळेत शिकवलेले खरेच, पण टँकरमधून उसळणारा गार, धुक्यासारखा ढग थेंबांनी भरलेला आणि जड असतो. तो ओहोळातून, गटारातून, रस्त्याच्या उतारावरून वाहतो. शिवाय पांढरा ढग संपतो तिथे गॅस संपत नाही.

लोकांना हलवायचे की घरात बंद ठेवायचे? गॅस पोचायला वेळ असेल तर हलवा. पोचलाच असेल तर दारे-खिडक्या बंद करून, फटींना ओले कापड लावून आत बसवा. मात्र जुनी कौलारू घरे यासाठी भरवशाची नाहीत, कौलांच्या फटींतून हवा सहज आत येते. अशी घरे आधी रिकामी करा. पंचायत, देऊळ, चर्च, जिथे लाऊडस्पीकर आहे तिथून कोकणी आणि हिंदी दोन्हींत सूचना द्या. कोणत्या दिशेला चालायचे ते नाव घेऊन सांगा. नुसते ‘दूर जा’ म्हटले की लोक वाऱ्याबरोबरच पळतात.

पाण्याबाबतची चूक सर्वांत जास्त होते. द्रव अमोनिया उणे ३३ अंशाला उकळतो. तो रस्त्यावर साचला की खालचा डांबर गार होतो आणि बाष्पीभवन आपोआप मंदावते. अशा डबक्यावर तुम्ही ३० अंशाचे पाणी मारले की ते त्याला उष्णता देते, डबके खदखदते आणि एक लिटर द्रवाचे सुमारे ८५० लिटर गॅस बाहेर पडते. म्हणून पाणी डबक्यावर नाही, ढगावर मारायचे. वारा ज्या बाजूला वाहतो तिथे दोन ब्रांच (होसच्या टोकाच्या नळ्या) फॉगवर, म्हणजे बारीक तुषारांवर, ठेवून पाण्याचा पडदा उभा करा. प्रत्येकी मिनिटाला २५० लिटर धरले तर ४,५०० लिटरची टाकी नऊ मिनिटांत संपते. तेव्हा दुसरा बंब आणि पाण्याचा स्रोत जोडल्याशिवाय पडदा सुरू करू नका. मध्येच बंद पडलेला पडदा आत गेलेल्या जोडीला उघड्यावर टाकतो. सेफ्टी व्हॉल्व्हवर थेट पाणी मारू नका, त्यावर बर्फ धरून तो अडकतो. टँकरला आगीची झळ बसत असेल तर लांबून, अख्ख्या टाकीवर भरपूर पाणी.

गॅस मोजायला नेहमीचे ज्वालाग्राही गॅसचे मीटर पुरत नाही, आणि याची जाणीव सगळ्यांना हवी. अमोनिया पेटण्याची खालची मर्यादा हवेत १५ टक्के, म्हणजे १,५०,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). मीटर या मर्यादेचा कितवा टक्का गॅस आहे ते दाखवते, म्हणून त्यावर फक्त १ टक्का दिसला तरी तिथे १,५०० पीपीएम आहे, आणि ३०० पीपीएमलाच जीवाला तत्काळ धोका मानतात. शून्य दाखवणारे मीटर तुम्हाला फसवते. अमोनियाचा स्वतंत्र सेन्सर किंवा डिटेक्टर ट्यूब वापरा.

आत जाणारे दोघे आणि तितक्याच तयारीने बाहेर थांबणारे दोघे. पोशाख गॅस आत न शिरणारा, पूर्ण बंद. बीएचा हिशेब कागदावर करा: ६.८ लिटरची बाटली ३०० बारवर म्हणजे २,०४० लिटर हवा. हवा संपत आल्याची शिट्टी ५५ बारला वाजते. त्याआधी हाताशी राहतात १,६६६ लिटर. मिनिटाला ४० लिटरने ४१ मिनिटे, पण पोशाखात राबणारा माणूस ६० लिटर सहज ओढतो, मग उरतात जेमतेम २७. त्यातून जाणे, येणे आणि बाहेर धुऊन घेणे वजा करा. हवा संपण्याआधी उष्णता माणसाला गाठते. एप्रिल-मेच्या दमट हवेत २० मिनिटांच्या वर कोणाला आत ठेवू नये. आत जाण्याआधी रक्तदाब आणि नाडी तपासा, पाणी पाजा. ज्याची नाडी आधीच धावते आहे त्याला त्या दिवशी बाहेरचे काम द्या.

आत पोचल्यावर पहिला प्रयत्न व्हॉल्व्ह बंद करण्याचा. फवारा जोराचा असेल तर गळतीवर जाड ताडपत्री टाकल्याने थेंब त्यावर आदळून पुन्हा द्रव होतात आणि ढग लहान होतो. पितळी वा तांब्याचे जोड अमोनियाला लावू नका, तो त्यांना खातो. उलटलेली भरलेली टाकी उचलायची घाई क्रेनवाल्याने केली तरी ऐकू नका. कारखान्याच्या तज्ज्ञांकरवी माल दुसऱ्या टँकरमध्ये आधी उतरवून घ्या.

पडद्याचे पाणी कुठे जाते ते पाहण्यासाठी एक माणूस वेगळा ठेवा. अमोनिया पाण्यात विरघळतो, त्यामुळे तेलासारखा वरवरचा अडसर चालत नाही. वाळूच्या गोण्या आणि प्लॅस्टिकने वाट पूर्ण अडवायला हवी. जांभ्याच्या पठारावर सांडलेले झिरपून पायथ्याच्या विहिरीत उतरते. खाजनाकडे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीकडे, ओहोळ जात असेल तर बांधावरची मानस (पाण्याचे दार) बंद करायला संबंधितांना लगेच कळवा, नाहीतर मासे मरतील. आम्ल सांडले असेल तर हाच विचार वेगळ्या गणिताने करावा लागतो: १०० किलो सल्फ्युरिक आम्ल निष्प्रभ करायला सुमारे १०८ किलो सोडा ॲश लागतो. टँकरभर आम्लासाठी तो मिळणार नाही, म्हणून आधी वाळूने बांध घाला. लाकडाचा भुसा अजिबात नको, आम्लाने तो जळतो.

बाधित माणसाचे कपडे काढा आणि भरपूर पाण्याने धुवा. द्रव लागून कपडा कातडीला गोठून चिकटला असेल तर ओढू नका, पाण्याने सुटू द्या. डोळे किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली, पापण्या उघड्या धरून. १०८ ची गाडी आली म्हणून मध्येच थांबवू नका. जवानांना बाहेर येताना पोशाखासकट धुवा, मास्क सर्वांत शेवटी काढा. फुप्फुसात पाणी होण्याची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात, तेव्हा ज्याला ढग लागला त्याला घरी एकटा पाठवू नका. पोशाख धुऊन, वाळवून, दाबाची चाचणी घेतल्यावरच परत गाडीवर चढवा.