हर्मीसची गायचोरी मुलांना कशी सांगावी

नातवंडांना ही ग्रीक गोष्ट मी कितीदा तरी सांगितलीय. सुरुवात हर्मीस या बाळदेवाच्या दिनक्रमाने करा: पहाटे किलीनी डोंगरातल्या गुहेत जन्म, दुपारी कासवाच्या कवचाची लायर (छोटं तंतुवाद्य) वाजवणं, संध्याकाळी थोरल्या भावाच्या, अपोलो देवाच्या 50 गायींची चोरी. मुलं इथेच खुसखुसतात. मध्येच ‘अगदी आपल्या कान्हासारखा’ म्हणू नका, गोष्ट लोण्याकडे घसरते.

मग उठून उलटं चालून दाखवा. गायी उलट्या हाकल्या, म्हणून खुरांचे ठसे कुरणाकडेच जाताना दिसतात. स्वतःच्या पायांना त्याने डहाळ्यांच्या चपला बांधल्या. (मी एकदा टीपॉयवर आपटलो, जागा आधी मोकळी करा.)

अपोलो पाळण्याशी येतो तेव्हा आवाज बारीक काढा: ‘मी तर कालच जन्मलो!’ अपोलो उचलतो आणि बाळ पादतं. हे लाजून गाळू नका, हर्मीसवरच्या मूळ प्राचीन ग्रीक स्तोत्रातच आहे.

तात्पर्य सांगायची घाई नको. दोघांचा बाप, देवांचा राजा झ्यूससुद्धा रागावत नाही, मोठ्याने हसतो आणि दोघांना मिळून गायी शोधायला धाडतो. शेवटी लायर अपोलोला, गायी हर्मीसला. ‘मग चोरी चालते का?’ असं नात विचारतेच. मी विचारतो, ‘अपोलोला लायर आवडली नसती तर?’ आणि दोघा नातवंडांना भांडू देतो.