मॅग्नेटवर १००० लिहिलंय म्हणून १००० किलो उचलेलच असं नाही

भोसरीत आमचं प्रोफाइल कटिंगचं, म्हणजे लोखंडी प्लेटा हव्या त्या आकारात कापून देण्याचं शॉप आहे. ट्रेलरवरून प्लेट उतरवायची, कटिंग बेडवर टाकायची, कापलेले जॉब उचलून ग्राइंडिंगला द्यायचे, दिवसभर हेच चालतं. चेन आणि प्लेट क्लॅम्प आजही आहेत. पण लिव्हरवाला परमनंट मॅग्नेट, म्हणजे क्रेनच्या हुकाला अडकवायचा, विजेशिवाय लिव्हरने चालू-बंद होणारा चुंबक, आल्यापासून सपाट मालासाठी पोरं दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत. ठेवला, लिव्हर फिरवली, उचलला. काम इतकं सोपं झालं की विचार करायची सवयच सुटते. नवीन हेल्परला क्रेनचं पेंडंट (बटणांचा लटकता कंट्रोल) हातात द्यायच्या आधी मी जे सांगतो, ते इथे लिहितोय.

मॅग्नेटच्या पाटीवर १००० किलो लिहिलेलं असतं. तो आकडा एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं पोलाद) जाड, सपाट, स्वच्छ ठोकळ्यासाठी आहे आणि मॅग्नेटचा पूर्ण तळ त्याला टेकलेला असेल तरच खरा आहे. चांगल्या कंपनीचा मॅग्नेट चाचणीत साधारण तिप्पट वजनाला सुटतो, म्हणून "अजून दोन टन शिल्लक आहेत की" असं कोणीतरी म्हणतंच. ते शिल्लक नसतात. धक्का, गंज, नजरेला न दिसणारी फट हे सगळं त्यातूनच वजा होतं.

पहिलं काम वजन काढायचं. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडी, ७.८५ किलो. २५०० बाय १२५० ची १२ मिमी प्लेट २९४ किलो भरते, २० मिमीची ४९० च्या आसपास. गोल बारसाठी व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, वर्ग करा, १६२ ने भागा, मीटरला किती किलो ते निघतं. १०० मिमीचा बार मीटरला जवळपास ६२ किलो. मालासोबत आलेल्या डिलिव्हरी चलनावरचं वजन बघून उचलायची सवय लावू नका, तिथे बऱ्याचदा सगळ्या नगांचं मिळून लिहिलेलं असतं.

आता जाडी, सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. २९४ किलोची प्लेट आणि १ टनाचा मॅग्नेट, काय अवघड आहे, असं वाटतं. पण मॅग्नेटची ताकद लोखंडाच्या आतून वाहते आणि पातळ प्लेटमध्ये तिला वाहायला जागाच नसते. मोठ्या मॅग्नेटला पूर्ण वजन उचलायला ४०-५० मिमी जाडी लागते. १० मिमीवर बऱ्याच मॉडेलची क्षमता निम्म्याच्याही बरीच खाली येते. नेमका आकडा मॅग्नेटसोबत आलेल्या तक्त्यात असतो, त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून क्रेनच्या खांबाला लावा. पातळ पत्र्यावर मोठा मॅग्नेट लावण्यात आणखी एक धोका आहे. उरलेली ताकद खालच्या पत्र्यात उतरते आणि दोन पत्रे एकदम वर येतात. ओळखीच्या एका शॉपमध्ये ६ मिमीच्या दोन प्लेटा अशाच चिकटून आल्या. बेडपर्यंत निम्मी वाट झाली आणि खालची सुटली. खाली कोणी नव्हतं म्हणून गोष्ट तिथेच मिटली. थप्पीतून उचलताना आधी एक कोपरा पहारीने उचकटून मध्ये लाकडी पट्टी सरकवा, मगच मॅग्नेट लावा.

लांब प्लेट तर दोन्ही टोकांनी लोंबते. मध्ये मॅग्नेट, बाजूंना उतार, आणि मॅग्नेटच्या कडेपासून प्लेट सोलल्यासारखी सुटायला लागते. जमिनीपासून चार बोटं वर घेऊन थांबा, वाकून मॅग्नेटच्या कडेला आडवं बघा. प्लेट आणि तळ यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसली की लगेच खाली ठेवा. तिथे स्प्रेडर बीमवर (क्रेनच्या हुकाला टांगलेला आडवा दांडा) दोन मॅग्नेट लागतात, एक मोठा मॅग्नेट चालत नाही.

पृष्ठभागाचं थोडक्यात सांगतो. मिल स्केलची पपडी (कारखान्यात गरम रोलिंग करताना प्लेटवर येणारा काळा थर), गंज, रंग, ग्राइंडिंगचा किस, चिकटवलेला स्टिकर, यातलं काहीही मध्ये आलं की फट. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीनेही पकड चांगलीच उतरते. प्लेटला वायर ब्रश, मॅग्नेटच्या तळाला कोरडं फडकं, आणि शेवटी उघड्या तळव्याने एकदा हात फिरवा. हातमोज्यातून बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेली धारदार कोर, कळत नाही.

गोल बारला मॅग्नेटच्या तळाची व्ही आकाराची खाच फक्त दोन रेषांवर टेकते, म्हणून क्षमता निम्मी धरायची, तीही तक्त्यात दिलेल्या व्यासापर्यंतच. बिडाच्या कास्टिंगलाही साधारण निम्मी. ईएन-८, ईएन-२४ या जास्त कडक पोलादांना एमएसपेक्षा कमी. एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ किंवा ३१६ ला मॅग्नेट लावूच नका. गॅस कटिंगहून नुकताच निघालेला जॉबही नको. साधे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या वर कमजोर होतात आणि गार झाल्यावरही गेलेली ताकद पूर्ण परत येईल असं नाही. टेम्परेचर गन ८००-१००० रुपयांत मिळते, मॅग्नेटपुढे ती काहीच नाही.

उचलताना मॅग्नेट आधी मालाच्या मधोमध टेकवायचा, मग लिव्हर फिरवायची. हवेत लटकत असताना लिव्हर फिरवायला गेलात तर ती उलटी झटका देऊन मनगटावर येते. लिव्हर पूर्ण फिरली, लॉक खट्ट बसला, हे डोळ्यांनी बघा. चार बोटं वर, थांबा, उजेडाची रेघ बघा, हळूच कोपरा दाबून बघा. मग पुढे. जॉबला धरून चालू नका, दोरी बांधा. माल गुडघ्याच्या वर न्यायची गरज नसेल तर नेऊ नका. आणि मॅग्नेटने आडवी प्लेट उभी करायला जाऊ नका. ओढून सुटायला जेवढा जोर लागतो त्याच्या कितीतरी कमी जोरात ती घसरते. उभ्या मालाला क्लॅम्प.

ठेवताना माल लाकडी ठोकळ्यांवर पूर्ण टेकला, चेन ढिली पडली, की मगच लॉक काढायचा. अर्धवट टेकलेला असताना लिव्हर सोडली की माल उसळतो, आणि तेव्हा बोटं नेमकी खाली असतात.

छातीत पेसमेकर असलेल्या माणसाला या कामावर ठेवू नका, भरती करतानाच विचारून घ्या.

पाळी संपली की तळ पुसून तेलाचा पातळ हात द्या, लिव्हर ऑफ, आणि मॅग्नेट लाकडाच्या फळीवर. तळावर खाच पडली किंवा कोपरा उडाला तर वापर बंद. स्वतः फाइल मारत बसू नका, कारण घासलेल्या तळाची क्षमता पुन्हा तपासल्याशिवाय कळत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम २९ प्रमाणे उचलण्याच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून एकदा तरी तपासणी लागायची आणि सुरक्षित वजन साधनावर स्पष्ट लिहिलेलं लागायचं. आम्ही तपासणीची तारीख पितळी टॅगवर ठोकून घेतो, कारण रंगाने लिहिलेली दोन महिन्यांत पुसली जाते. टॅग नसलेला मॅग्नेट स्टोअरमधून कोणी आणून दिला तर तो तसाच परत पाठवा.