चॅनल नंबर युजरकडून येतोय? मग आधी तपासा

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत सेन्सर कार्डांसाठी लिनक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनो, आयओसीटीएलमधून (युजरच्या प्रोग्रामने ड्रायव्हरला हुकूम द्यायचा सिस्टम कॉल) आलेला चॅनल नंबर तपासल्याशिवाय ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरू नका. कार्डाला ८ चॅनल आहेत म्हणून '८ पेक्षा कमी' एवढंच तपासलं, आणि व्हेरिएबल साइन्ड इंट (उणे आकडेही धरणारा पूर्णांक) निघालं, तर -१ खुशाल आत शिरतो. ॲरेच्या आधीची मेमरी उघडी पडते. अनसाइन्डच घ्या.

आकडा युजरच्या मेमरीतून एकदाच कॉपी करा, ती कॉपी तपासा आणि तीच वापरा. परत वाचायला गेलात तर मधल्या मधे दुसरा थ्रेड तो बदलून मोकळा! (ही चूक रिव्ह्यूत सहज निसटते.) स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी २०१८ मध्ये उघडकीस आल्यापासून तपासणीनंतर ॲरे_इंडेक्स_नोस्पेकही (प्रोसेसर अंदाजाने पुढे धावला तरी इंडेक्स हद्दीत ठेवणारा कर्नलचा मॅक्रो) लावतात. नंबर चुकीचा असल्यास उणे ईइनव्हॅल ('दिलेली किंमत चुकीची' सांगणारा एरर कोड) परत करा.